क्लेम पास्कोचं अर्धं टेबल

चालू असलेली वस्तू क्लेम पास्कोच्या हातात देऊ नये, हे आमच्या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बंद पडलेली दिली तर एक वेळ चालेल, तिचं आणखी काय वाईट व्हायचंय? माझं भिंतीवरचं घड्याळ 'जरा मागे पडतंय' म्हणून त्याने उचलून नेलं. आणून दिलं तेव्हा ते चालत होतं, खोटं कशाला बोलू, पण ठोके मनाला येतील तेव्हा द्यायचं. दुपारी जेवायला बसावं तर अकरा! माझा नवरा साल्वो म्हणाला, "जाऊ दे गं पीना, मनाने चांगला आहे तो." मनाने चांगल्या माणसांनीच माझ्या घरातल्या निम्म्या वस्तूंची वाट लावलीय.

आमचं गाव पोर्ट पिरी, अ‍ॅडलेडच्या उत्तरेला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शिसं गाळायचा कारखाना, आणि उत्तरेचा वारा सुटला की सगळं वाळवंट दारात. आम्ही इटलीहून आलेले मासेमारीवाले. क्लेम आमच्या कुंपणापलीकडचा. त्याचे पूर्वज कॉर्नवॉलहून इथल्या खाणीत आले. एकदा भोक पाडायला घेतलं की पलीकडे उजेड दिसेपर्यंत थांबायचं नाही, अशी ती जात. क्लेम आयुष्यभर कारखान्यात भट्टीवर होता. निवृत्त झाला आणि सगळ्या गल्लीच्या मानगुटीवर बसला.

त्याची बायको बेरिल शाळेची बस चालवायची. अंगाने चिमणीएवढी, पण आरशात नुसतं बघितलं की मागच्या बाकावरची टवाळ पोरं गप्प. दर गुरुवारी ती आपली गाडी काढून एकटी समुद्रावर जायची. पाण्याकडे तोंड करून गाडी लावायची, काचा वर करायची, बेकरीतली मटण-बटाटा भरलेली गरम पेस्टी खायची, थर्मासातला चहा प्यायची आणि परत यायची. एकदा मी विचारलं, "मी येऊ का गं?" म्हणाली, "नको." इतकं सरळ! म्हणून तर मला ती आवडते.

त्या वर्षी हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये, तिला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. मग हळूहळू थोडा परत आला. ऑक्टोबरात काठी टेकत चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, पण डाव्या पायाने क्लच दाबणं जमायचं नाही. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तरच. आणि तशी गाडी पास्कोंकडे नव्हती. तिची जुनी गाडी क्लचची, क्लेमची पिकअपसुद्धा क्लचची.

तोवर दर गुरुवारी क्लेम तिला पिकअपमधून समुद्रावर न्यायचा. शेजारी बसायचा, पेस्टी तोंडात आणि बडबड चालूच. दर पाच मिनिटांनी, "पाय कसा आहे?" एका शुक्रवारी बेरिल कुंपणाशी आली आणि म्हणाली, "पीना, नवरा मला पुष्कळ आहे. मला एक तास हवाय. असा तास, की ज्यात मला कुणी पाय कसा आहे म्हणून विचारणार नाही." तिचे डोळे भरले होते. बेरिलचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

क्लेम शेडच्या दारात उभा होता. त्याने ऐकलं असणार. कारण दुसऱ्याच दिवशी तो क्रिस्टल ब्रूक गावच्या एका शेतकऱ्याकडून लांबलचक, सायीच्या रंगाची जुनी स्टेशन वॅगन घेऊन आला. ऑटोमॅटिक! बेरिलने टोपी घातली, थर्मास भरला. पण गाडी बेकरीपर्यंतसुद्धा पोचली नाही. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. पिकअपला दोर बांधून ओढत आणली, आणि बेरिल थर्मास मांडीवर धरून आत तशीच बसलेली.

गावातल्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं, तेलाचा वास घेतला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स संपलाय. भंगारात घाला." बेरिलचा भाऊ लायल, फर्निचरच्या दुकानाचा मालक, उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तोही म्हणाला, "क्लेम, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुणी घरी उघडतं का? ते काय पीनाचं घड्याळ आहे?"

"घड्याळ चालतंय!" क्लेम म्हणाला.

"चालतंय," मी म्हणाले, "पण त्याला विचारावं लागतं, बाबा रे, खरे किती वाजले?"

क्लेमने ऐकलं नाही. माणसाने जोडलंय तर माणूस उघडेल, एवढंच त्याचं म्हणणं. गाडी विटांवर चढवली आणि गिअरबॉक्सचं धूड खाली उतरवलं. आता पंचाईत अशी, की या गिअरबॉक्सला धुळीचा कणसुद्धा चालत नाही म्हणे. आणि शेडमध्ये उत्तरेचा वारा नुसता थैमान घालत होता. सगळ्या घरात धूळ नाही अशी जागा एकच, बेरिलचं स्वयंपाकघर.

"माझ्या टेबलावर?" बेरिल म्हणाली. "नाताळचं पुडिंग करायचे दिवस आहेत!"

"अर्धं टेबल दे फक्त."

बेरिलने जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणली आणि टेबलाच्या मधोमध लावली. "ही हद्द. तुझी बाजू ती, माझी ही. तुझा पाना इकडे दिसला तर समुद्रात."

मग जे सुरू झालं ते बघायला मी रोज काही ना काही निमित्त काढून जायची. पट्टीच्या एका बाजूला मनुका, बेदाणे, साखर, अंडी. दुसऱ्या बाजूला चकत्या, स्प्रिंगा, कडी, आणि जाळीदार रस्ते कोरलेला एक लोखंडी ठोकळा. क्लेम त्याला गिअरबॉक्सचा मेंदू म्हणायचा. त्या मेंदूच्या भोकांत छोट्या पोलादी गोळ्या बसतात. तेलाने कुठे जायचं आणि कुठे नाही, ते या गोळ्या ठरवतात. हे त्याने मला इतक्या वेळा समजावलं की आता मीही दुसऱ्याला समजावू शकते. गोळ्या त्याने बेरिलच्या निळ्या फुलांच्या कपात ठेवल्या होत्या.

"माझा कप?" बेरिल कडाडली.

"हद्दीच्या आत आहे," क्लेम म्हणाला.

चकत्या तेलात भिजवायला त्याला पसरट भांडं हवं होतं. त्याने विचारलं नाही, कोंबडी भाजायचा मोठा ट्रे घेतला. दोन दिवस बेरिल त्याच्याशी बोलली नाही. पण गंमत सांगते, त्या दोन दिवसांत तिने त्याला पायाबद्दल काही विचारूसुद्धा दिलं नाही, आणि तिचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत दिसत होता.

पुडिंग कालवायच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. त्यांच्याकडे पद्धत अशी, की घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने एकदा ढवळायचं आणि मनात काहीतरी मागायचं. आणि मिश्रणात जुनी चांदीची नाणी टाकायची. हल्लीची नाणी उकळली की हिरवी पडतात, म्हणून जुन्या राजाच्या छापाची तीन पेनीची नाणी बेरिलने जपून ठेवलेली. ज्याच्या वाटणीला नाणं येईल तो नशीबवान. पण नाणं चाटूनपुसून बेरिलला परत करायचं, नशीब तेवढं घरी न्यायचं. ती नाणी दुसऱ्या एका कपात होती. तोही निळ्या फुलांचा, त्याच संचातला.

लायल बसल्या बसल्या क्लेमच्या कपातली एक गोळी उचलून बोटांत फिरवत होता. "हे काय क्लेम, बहिणीला मोत्यांचा हार करतोयस का?"

"ठेव ती! खेळणं नाही ते!"

"ठेवली बाबा, ठेवली," लायल म्हणाला आणि गोळी कपात टाकली. टण्ण आवाज झाला. कुठल्या कपात टाकली ते कुणी बघितलं नाही. लायलने तर नाहीच नाही, तो जन्मात कधी खाली बघत नाही.

मग ढवळणं. क्लेमला बेरिलने दोनदा हात धुवायला लावले. त्याने डोळे घट्ट मिटून काय मागितलं ते सांगायला कुणी ज्योतिषी नको. नाणी टाकायला मी हात पुढे केला, तर बेरिल म्हणाली, "मी टाकणार. डाव्या हाताने." एक एक नाणं तिने कपातून चाचपडत उचललं आणि मिश्रणात सोडलं. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो, पण तिच्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे. शेवटचं पडलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पुडिंग कापडात बांधून उकळलं आणि टेबलाच्या बरोब्बर वर छताच्या आकड्याला टांगलं. नाताळपर्यंत ते तिथेच मुरणार.

डिसेंबर लागला आणि क्लेम जोडणीला बसला. एक भोक रिकामं! एक गोळी कमी!

काय ते शोधकार्य! फ्रीज सरकवला, चूल सरकवली, केराची पिशवी चाळली. क्लेम टेबलाखाली रांगत होता आणि वरून पुडिंग मजेत डुलत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. अ‍ॅडलेडच्या दुकानाला फोन केला. ते म्हणाले, गोळी सुट्टीनंतर मिळेल, जानेवारी संपता संपता.

मग क्लेम गुपचूप कुंपणाशी आला. "पीना, साल्वोची जुनी सायकल आहे ना? तिच्या पेडलमध्ये तेवढ्याच गोळ्या असतात. जवळजवळ तेवढ्याच."

"जवळजवळ म्हणजे?"

"केसभर लहान. गिअरबॉक्सला काय कळतंय?"

गिअरबॉक्सला कळलं. गाडी विटांवरून उतरवली, सगळी गल्ली बघायला गोळा झाली. बेरिल काठी टेकून पायरीवर उभी, टोपी घालून. क्लेमने लिव्हर पुढच्या खुणेवर ओढला. गाडी ढिम्म. मागच्या खुणेवर टाकला, आणि आई गं! लोण्यातून सुरी जावी तशी गाडी सरसर मागे निघाली. फाटकातून बाहेर, रस्त्यावर वळून, आणि थेट शेजारच्या माझ्या टोमॅटोंच्या वाफ्यात. तिथून तिला घरी आणायचं तर पुढे जायला हवं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. शेवटी सगळ्या गल्लीने ढकलली. त्या वर्षीचा माझा टोमॅटोचा सॉस त्या गाडीच्या घशात गेला, आणि साल्वो म्हणतो, मनाने चांगला आहे.

"मागे तर जाते!" क्लेम घाम पुसत म्हणाला. "निम्मं काम झालंच की!"

पुढचा गुरुवार उजाडला. मी कपडे वाळत घालत होते. बघते तर गल्लीतून वॅगन उलटी येतेय. मान मागे वळवून बेरिल चालवतेय. लाल टॉवेल फडकावत क्लेम तिच्या मागे, म्हणजे गाडीच्या पुढे, म्हणजे जाऊ द्या, ज्या दिशेला ती चालली होती त्या दिशेला धावतोय! "बेरिल, थांब! पाय कसा आहे?" कोपऱ्यावर पोलिसाने हात केला. लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत जायचा तो.

"मिसेस पास्को, अहो, कुठे निघालात?"

"समुद्रावर," बेरिल म्हणाली. "आणि तू नीट उभा राहा, शर्ट बाहेर आलाय."

त्याने शर्ट खोचला. पण गाडी त्याने परत पाठवली, बिचारा काय करणार. बेरिल घरी आली, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "क्लेम, आता पुरे. नाताळ झाला की लायलला सांग, घेऊन जाऊ दे भंगारात. जन्मभर कुणीतरी मला नेईलच की." ती रागावली असती, भांडी आपटली असती तर क्लेमने सोसलं असतं. तो शेडमध्ये गेला आणि बराच वेळ आतून कसलाच आवाज आला नाही. क्लेमच्या शेडमधून आवाज नाही, हे काही खरं नव्हतं. टोमॅटो विसरून मी त्याला चहा नेऊन दिला.

नाताळच्या दुपारी आम्हीही पास्कोंकडे जेवायला होतो. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि आत आम्ही सगळे डोक्यावर नाताळचे कागदी मुकुट घालून भाजलेली कोंबडी खातोय. लायल ऐटीत सांगत होता, "उद्या सकाळी ट्रक घेऊन येतो. असली ब्याद दाराशी ठेवू नये." क्लेम ताटाकडे बघत होता. बेरिलने पुडिंग कापून वाटलं. लायलने भला मोठा घास घेतला आणि कडाड!

"नाणं!" तो गाल धरून म्हणाला. "मलाच मिळालं! पण दात... माझी कवळी..." मग जिभेने चाचपलं आणि बावचळला. "हे नाणं नाही गं. गोल आहे."

क्लेम ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे पडली. "गिळू नकोस!"

"काय?"

"लायल, गिळलंस तर उलटा टांगीन! थुंक! थुंक म्हणतो ना!" त्याने एका हाताने मेव्हण्याची मान धरली आणि दुसरा हात त्याच्या हनुवटीखाली. लायल थुंकला. अर्धी कवळी, दोन बेदाणे आणि एक पोलादी गोळी.

बाकीचं खाली सोडून क्लेमने गोळी शर्टाला पुसून उजेडात धरली.

मग बेरिल म्हणाली, "मीच टाकली. या हाताने." तिने डावा हात टेबलावर ठेवला. "तुम्हाला सगळ्यांना मी सांगत होते, बोटांना सगळं कळायला लागलंय म्हणून. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. काही कळत नाही. नाणं काय आणि गोळी काय. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि मला त्या खोट्यासुद्धा हव्या होत्या."

मला रडू आलं, काय लपवायचं. क्लेम म्हणाला, "तुझ्या बोटांना नाही कळलं. माझे तर डोळे धड होते, तरी महिनाभर त्या पुडिंगखाली रांगलो."

"आणि कपात..." कवळीशिवाय लायलचं बोलणं फुसफुस येत होतं. "चुकीच्या कपात मीच टाकली होती. आत्ता आठवलं." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मान खाली घातली. खालीच त्याची कवळी पडली होती, ती त्याला मिळाली.

बेरिलने डोळे पुसले. "आता बसलात काय सगळे? गोळी खायला दिलीय का मी? उठा!"

नशीब एवढं, की त्या मेंदूपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, खालून झाकण काढलं की झालं. भर उन्हात, कागदी मुकुट डोक्यावर तसाच ठेवून, क्लेम गाडीखाली शिरला. लायलही शिरला, नव्या पँटसकट. गळणारं तेल धरायला बेरिलने स्वतःच्या हाताने कोंबडीचा ट्रे पुढे सरकवला. सायकलची गोळी निघाली, पुडिंगची बसली. खालून नुसत्या शिव्या ऐकू येत होत्या, आणि नाताळच्या दिवशी इतकं छान मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

ऊन कललं तेव्हा झाकण बसलं, नवं तेल ओतलं. बेरिल टोपी घालून आली. क्लेम शेजारच्या सीटवर चढून बसला, हाताला काळं, डोक्यावर फाटका मुकुट.

"उतर," बेरिल म्हणाली.

"फक्त कोपऱ्यापर्यंत गं. आवाज ऐकतो. काही झालं तर..."

"क्लेम. उतर."

तो उतरला. दार लावून घेतलं, तरी हात काही सोडवेना. मग सोडला. बेरिलने उजव्या हाताने लिव्हर ओढला, आणि वॅगन पुढे निघाली. पुढे! फाटकातून बाहेर पडून तिने वळण घेतलं. क्लेम डोळे मिटून ऐकत होता. "पहिला," तो पुटपुटला. "दुसरा पडला. आता... आता तिसरा." गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

आम्ही पायरीवर बसलो. क्लेमने तीन वेळा पिकअपची किल्ली खिशातून काढली, आणि तिन्ही वेळा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. माझं घड्याळ भिंतीवर काय वाजवत होतं देवाला ठाऊक, पण तास उलटून गेला असणार.

मग कोपऱ्यावर सायीचा रंग दिसला. क्लेम धावत फाटकाशी गेला आणि ते सताड उघडून बाजूला उभा राहिला. वॅगन जवळ आली. बेरिल समोर बघत होती, ताठ, बस चालवायची तशी. तिने डावा हात स्टिअरिंगवरून जरासा उचलला, हॉर्न वाजवला, आणि घरावरून सरळ पुढे निघून गेली, परत समुद्राच्या रस्त्याला.

क्लेम फाटक धरून बघत राहिला. गाल ओले झाले होते, आणि मळके हात लावून त्याने ते काळेही करून घेतले.

"थांबली नाही," तो म्हणाला.

"नाही थांबली," मी म्हणाले.

"गिअर मस्त पडतायत पण," क्लेम म्हणाला. त्याने फाटक उघडंच ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.